दाखविणे आणि देणे : तत्क्षणचित्रणाच्या छंदाविषयी

(१)

कॅमेऱ्यातून बाहेर पडताच हाती येणाऱ्या आणि पाहता पाहता कागदावर उमटत जाणाऱ्या छायाचित्रास मराठीत अद्याप रूढ असे नाव नाही. बोलताना आपण त्यास 'पोलरॉइड' म्हणतो, अथवा 'झटपट फोटो' असे म्हणून वेळ निभावून नेतो. यांपैकी पहिले एका कंपनीचे नाव आहे. दुसऱ्यात 'झटपट' या शब्दास चिकटलेली उरकून टाकण्याची छटा आहे, आणि ती या प्रकारास मुळीच शोभत नाही. प्रस्तुत लेखापुरता 'तत्क्षणचित्र' हा शब्द वापरला आहे. तो कोणी स्वीकारावा असा आग्रह नाही.

या विषयात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने का पडावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. आरंभी एवढेच नमूद करतो की, या छंदाने आपणापुढे एक कोडे टाकले आहे. तत्क्षणचित्राचा शोध लागला तेव्हा त्याचा एकमेव गुण म्हणजे वेग. आज खिशातल्या टेलिफोनवर छायाचित्र काढल्यापासून दिसेपर्यंत सेकंदही लागत नाही, आणि त्याची किंमतही मोजावी लागत नाही. ज्या गुणासाठी एखादी वस्तू जन्मास आली, त्या गुणात ती सपशेल मागे पडल्यावर तिने नामशेष व्हावे हा व्यवहार झाला. तत्क्षणचित्र नामशेष होण्याच्या मार्गास लागलेही होते. परंतु ते परत आले, आणि आज त्याचे चाहते बहुसंख्येने असे तरुण आहेत की ज्यांनी त्याचा पहिला काळ पाहिलेलाच नाही. हे का घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

तत्क्षणचित्राचा जन्म एका लहान मुलीच्या प्रश्नातून झाला, अशी हकीकत स्वतः त्याच्या जनकाने सांगितली आहे. एडविन लँड (१९०९–१९९१) हे अमेरिकन संशोधक. प्रकाशाचे ध्रुवण करणारा एक पातळ कृत्रिम पडदा त्यांनी तयार केला आणि त्याच्या उत्पादनावर उभी असलेली पोलरॉइड कॉर्पोरेशन ही कंपनी १९३७ साली स्थापन केली. 'पोलरॉइड' हे नाव मूळचे त्या पडद्याचे. छायाचित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. पडद्याचे नाव कंपनीस, कंपनीचे नाव कॅमेऱ्यास आणि कॅमेऱ्याचे नाव अखेर चित्रास, असा या विशेषनामाचा सामान्यनामापर्यंतचा प्रवास शब्दार्थाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

१९४३ सालच्या डिसेंबरात लँड सहकुटुंब न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे सुटीस गेले होते. तेथे त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले की, आताच काढलेला फोटो आताच का पाहावयास मिळत नाही? मोठ्या माणसास असला प्रश्न सुचत नाही, कारण मधली सारी यातायात त्यास ठाऊक असते. लँड फिरावयास बाहेर पडले आणि तासाभरात या पद्धतीची स्थूल रूपरेषा आपल्या मनात तयार झाली, असे ते पुढे सांगत. ती रूपरेषा प्रत्यक्षात येण्यास काही वर्षे लागली. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सभेत त्यांनी या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बॉस्टन शहरातील एका मोठ्या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्याची किंमत ८९.७५ डॉलर होती. दुकानात मांडलेले कॅमेरे त्याच दिवशी संपले.

आरंभीची चित्रे तपकिरी छटेची असत. सुमारे साठ सेकंद थांबून चित्राचा कागद निगेटिव्हपासून सोलून काढावा लागे, आणि निगेटिव्हचा चिकट कागद टाकून द्यावा लागे. १९६३ साली रंगीत फिल्म आली. १९७२ साली 'एसएक्स-७०' हा घडीचा कॅमेरा आला आणि सोलणे, पुसणे, टाकणे हे सारे सोपस्कार संपले. बटण दाबताच कॅमेरा एक चौकोनी पत्रक बाहेर ढकलू लागला, आणि चित्र त्या पत्रकातच उजेडात उमटू लागले. आज 'तत्क्षणचित्र' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते हेच रूप.

(३)

हे पत्रक दिसावयास साधे, परंतु त्याच्या आत जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षाराचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांचे विकासक द्रावणात काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर होते. ज्यांवर तो पडत नाही ते कण पुढे विरघळवून धुऊन टाकतात. अशा रीतीने निगेटिव्ह तयार होते, आणि तिच्यावरून कागदावर पुन्हा छपाई करावी लागते.

लँड यांच्या पद्धतीचे मर्म असे की, इतरत्र जे धुऊन टाकतात त्यातूनच येथे चित्र तयार होते. प्रकाश न पडलेले कण द्रावणात विरघळतात, शेजारच्या कागदापर्यंत झिरपत जातात आणि तेथे चांदीचे रूप घेतात. जेथे प्रकाश पडला नाही तेथे काळे, जेथे पडला तेथे पांढरे, असे सरळ चित्र त्या दुसऱ्या कागदावर उमटते. हे तत्त्व कागदपत्रांच्या नकला काढण्याकरिता बेल्जियममध्ये आंद्रे रॉट आणि जर्मनीत एडिथ वायडे यांनीही स्वतंत्रपणे शोधले होते. त्यास हातातल्या कॅमेऱ्यात बसविणे हे लँड यांचे कर्तृत्व होय.

रंगीत पत्रकात निळा, तांबडा आणि हिरवा प्रकाश टिपणारे तीन थर असतात आणि प्रत्येकाच्या जोडीस त्याचे पूरक रंगद्रव्य असते. एसएक्स-७० च्या फिल्ममध्ये हे रंगद्रव्य विकासकाच्या रेणूसच जोडलेले होते. जेथे प्रकाश पडला असेल तेथे ते जागीच अडकून पडते. जेथे पडला नसेल तेथे ते मोकळे राहून वरच्या थराकडे जाते. क्रियेस लागणारे अल्कधर्मी घट्ट द्रावण पत्रकाच्या खालच्या कडेतील एका चपट्या पुडीत भरलेले असते. पत्रक बाहेर पडताना दोन रुळांमधून दाबले जाते, पुडी फुटते आणि द्रावण सर्वत्र सारखे पसरते. या चित्रांची खालची पांढरी पट्टी इतर तीन बाजूंपेक्षा रुंद का, याचे उत्तर येथे मिळते. ज्या पट्टीवर लोक आज हौसेने तारीख आणि नावे लिहितात, ती लिहिण्यासाठी ठेवलेली नव्हती. ती पुडीची जागा होय.

अडचण अशी होती की, क्रिया पुरी होण्याआधीच पत्रक उजेडात येते, आणि आतले थर त्या वेळीही प्रकाशसंवेदी असतात. लँड यांनी त्यावर केलेली योजना फार सुंदर आहे. पुडीतील द्रावणात टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड असते आणि त्याबरोबर अशी रंजकद्रव्ये असतात की जी तीव्र अल्कात गडद राहतात. हा गडद पडदा खालच्या थरांचे उजेडापासून रक्षण करतो. पत्रकातील एक आम्लधर्मी थर हळूहळू अल्काचा जोर कमी करतो. जोर कमी होताच रंजके रंगहीन होतात, पडदा विरतो आणि पांढऱ्या पुडीच्या पार्श्वभूमीवर चित्र दिसू लागते.

चित्र वाऱ्यावर हलविले म्हणजे लवकर उमटते, हा सार्वत्रिक समज निराधार आहे, हे यावरून कळेल. सोलून काढावयाच्या जुन्या चित्रांचा पृष्ठभाग ओला असे आणि तो वाळविण्यास हलविण्याचा काही उपयोग तरी होता. आताच्या पत्रकात सारे काही बंद असते. हलविल्याने झाला तर थरांस अपायच होतो. वस्तू बदलली तरी हाताची सवय मागे राहिली. भाषेत असे अवशेष पुष्कळ सापडतात; टेलिफोनच्या कानाशी धरावयाच्या भागास ठेवण्याची जागा गेली, तरी आपण अजून 'फोन ठेवतो'.

(४)

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. अंकीय कॅमेरे आल्यावर पोलरॉइड कॉर्पोरेशनची अवस्था बिकट झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तत्क्षणचित्रांच्या फिल्मचे उत्पादन बंद होत असल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एन्स्केडे येथील कारखान्याची यंत्रसामग्री भंगारात जाण्याच्या बेतात असताना फ्लोरिआन काप्स, आंद्रे बोस्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकत घेतली, आणि आपल्या उद्योगास 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' असे नाव दिले. ते नाव अन्वर्थक होते. मूळ फिल्मला लागणारी कित्येक द्रव्ये त्या वेळी बाजारात उरलेली नव्हती. फिल्म जवळजवळ नव्याने घडवावी लागली. २०१० साली त्यांची पहिली फिल्म विक्रीस आली. तिची चित्रे फिकट व लहरी असत, आणि कॅमेऱ्यातून बाहेर येताच त्यांना उजेडापासून झाकून धरावे लागे. तरीही ती घेणारे लोक निघाले. पुढे २०१७ साली याच मंडळींच्या प्रमुख भागधारकाने पोलरॉइड हे नावही मिळविले, आणि २०२० पासून हा उद्योग त्याच नावाने चालू लागला.

दुसरीकडे जपानच्या फुजीफिल्म कंपनीने १९९८ साली 'इन्स्टॅक्स' ही मालिका सुरू केली होती. तिचे लहान पत्रक ८६ × ५४ मिलिमीटरचे, म्हणजे बँकेच्या कार्डाएवढे असते. या मालिकेसही मध्यंतरी उतरती कळा लागली होती. परंतु ती सावरली, आणि २०१८–१९ या आर्थिक वर्षात इन्स्टॅक्सचे सुमारे एक कोटी कॅमेरे विकले गेले. आपल्याकडील शहरांतही लग्नसमारंभात आणि निरोपसमारंभात हा लहानसा कॅमेरा आता अपरिचित राहिलेला नाही.

(५)

या पुनरागमनाची जी कारणे सामान्यतः सांगतात, ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण गतकाळाची ओढ. परंतु ज्याने तो काळ पाहिला नाही त्यास त्याची ओढ कशी वाटावी? इन्स्टॅक्सचा मोठा ग्राहकवर्ग तरुणांचा आहे. आईबापांच्या अल्बमातून ऐकीव ओढ लागू शकेल. परंतु तिच्या बळावर एखादा छंद दशकभर टिकतो असे वाटत नाही.

दुसरे कारण रूपाचे : मऊ रंग, पांढरी चौकट, थोडीशी धूसरता. हे रूप आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु त्याचे अनुकरण टेलिफोनवर केव्हाच फुकट मिळू लागले. २०१० साली सुरू झालेल्या इन्स्टाग्रामचे पहिले बोधचिन्हच पोलरॉइडच्या कॅमेऱ्यावरून घेतलेले होते आणि त्यावरील चित्रेही चौरस असत. केवळ रूपच हवे असते तर लोकांचे तेवढ्यावर समाधान झाले असते.

तिसरे कारण दुर्मिळतेचे. इन्स्टॅक्सच्या पाकिटात दहा पत्रके असतात, पोलरॉइडच्या आजच्या पाकिटात आठ, आणि ती स्वस्त नसतात. त्यामुळे माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करतो. हे खरे आहे. परंतु छत्तीस चित्रांचे जुने रीळ वापरतानाही आपण विचार करीतच होतो. दुर्मिळतेने काळजी उत्पन्न होते; जिव्हाळा उत्पन्न होतोच असे नाही.

चौथे कारण प्रतीक्षेचे, आणि ते अधिक विचारार्ह आहे. १९४८ च्या पहिल्या फिल्मला साठ सेकंद पुरत. पोलरॉइडच्या आजच्या रंगीत फिल्मला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे 'तत्क्षण' हे विशेषण पूर्वी वेगाचे वाचक होते, आणि आज तुलनेने ते संथपणाचे वाचक झाले आहे. शब्द तोच राहून त्याचे मूल्य असे उलटावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण विरळा. या प्रतीक्षेत माणसे पत्रकाभोवती जमतात. ज्याचे चित्र काढले तो माणूस, ती जागा, तो उजेड, सारे समोर असताना चित्र उमटते. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी १९८० सालच्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात छायाचित्राचे सार भूतकाळात पाहिले : छायाचित्रातील गोष्ट 'होती', एवढेच ते निश्चयाने सांगते. त्याच ग्रंथाच्या प्रारंभी दानिएल बूदिने यांचे एक पोलरॉइड छापलेले आहे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर साधे छायाचित्र 'ती बसली' असे म्हणते, आणि तत्क्षणचित्र 'ती बसली आहे' असे म्हणते. दुसऱ्या वाक्यात क्रिया पूर्ण झालेली असूनही तिचा परिणाम बोलणाऱ्यासमोर शिल्लक असतो.

तथापि प्रतीक्षाही अखेरचे कारण नव्हे. नुसत्या प्रतीक्षेकरिता कोणी पैसे मोजत नाही. प्रतीक्षा संपल्यावर पुढे काय होते, ते पाहिले पाहिजे.

(६)

पुढे होते ते असे की, चित्र कोणाला तरी दिले जाते.

'मी तिला फोटो दाखविला' आणि 'मी तिला फोटो दिला' ही दोन वाक्ये रचनेने सारखी आहेत. दोहोंत 'तिला' हे पद त्याच विभक्तीत आहे. फरक क्रियेनंतरच्या स्थितीत आहे. दाखविलेली वस्तू दाखविणाऱ्याकडे परत येते. दिलेली येत नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेत संप्रदान कारकाच्या विवेचनात या फरकाची सूक्ष्म चर्चा आहे. एका मतानुसार खरे दान तेच की ज्यात देणाऱ्याचे स्वामित्व संपते आणि घेणाऱ्याचे सुरू होते. म्हणून परटाला कपडे 'देणे' हे खरे देणे नव्हे. ते धुऊन परत घ्यावयाचे असतात. दुसरे मत याहून सैल आहे. शिष्यास चपराक देणाऱ्या गुरूचे उदाहरण पुढे करून ते विचारते की, येथे कोणाचे स्वामित्व कोठे गेले? या वादाचा निर्णय करण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्या विषयास पहिल्या मताने आखलेली रेषा फार उपयोगी पडते.

अंकीय छायाचित्र आपण 'पाठवितो'. पाठविल्यावर ते दुसऱ्याकडे जाते आणि आपल्याकडेही राहते. दोन्ही प्रती सर्वस्वी समान असतात. हे देणे विद्येच्या दानासारखे आहे : दिल्याने कमी होत नाही. त्याचे मोल कमी आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मराठीत देण्याचा दुसराही एक प्रकार आहे, तो घासातला घास देण्याचा. त्यात देणाऱ्याचे काही कमी होते, आणि तेवढ्यामुळेच घेणाऱ्यास काही मिळते. तत्क्षणचित्र या दुसऱ्या प्रकारात मोडते. काही विशेष फिल्मांचा अपवाद सोडल्यास त्याची निगेटिव्ह जपून ठेवता येत नाही, दुसरी प्रत काढता येत नाही. दहा पत्रकांपैकी एक दिले म्हणजे नऊ उरतात, आणि ज्या क्षणाचे चित्र दिले तो क्षण आपल्यापाशी राहत नाही.

माझ्या मते या छंदाचे रहस्य येथे आहे. तत्क्षणचित्राने लँड यांच्या मुलीच्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या होत्या : चित्र लगेच दिसणे आणि चित्र लगेच हाती येणे. पुढे अंकीय कॅमेऱ्याने पहिली गोष्ट अधिक चांगल्या रीतीने साधली, आणि तेव्हाच कळले की, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दिसण्याची हौस टेलिफोनने भागविली; देण्याची गरज शिल्लक राहिली.

यावर एक आक्षेप संभवतो. पुष्कळ छांदिष्ट आपली चित्रे कोणास देत नाहीत. अल्बमात लावून ठेवतात. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स (१९०३–१९७५) यांनी आयुष्याच्या अखेरीस १९७३–७४ मध्ये एसएक्स-७० कॅमेऱ्याने दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांत माणसांचे चेहरे आहेत, तसेच पाट्यांवरील सुटी अक्षरे आहेत. आणि पाट्यांवरील अक्षरे कोणी कोणास भेट म्हणून देत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु जे देता येते तेच राखूनही ठेवता येते. आपल्या टेलिफोनमधील हजारो चित्रे आपण राखलेली नसतात. ती राहून गेलेली असतात. दुसरा आक्षेप असा की, टेलिफोनमधील चित्र इन्स्टॅक्सच्या पत्रकावर उतरविणारी लहान यंत्रे २०१४ पासून मिळतात आणि त्यांवर हव्या तेवढ्या प्रती निघतात. तेव्हा एकमेवता कोठे राहिली? राहिली नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि या यंत्रांचा वापर लोक कशासाठी करतात ते पाहावे. ज्यांच्यापाशी चित्र आधीच 'आहे', तेच लोक ते कोणाच्या तरी हातात देता यावे म्हणून पैसे मोजतात.

(७)

आता या विषयाशी माझा जो व्यक्तिगत संबंध आहे, तो सांगणे प्राप्त आहे. संशोधनपर लेखात आत्मकथनास जागा नसते, हे मी जाणतो. परंतु पुढील हकीकत आपल्या विभागाच्या कामाशी निगडित आहे.

२००८ सालच्या मे महिन्यात पीएच.डी.च्या प्रबंधासाठी मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावी मालवणी बोलीचे नमुने गोळा करीत होतो. माझ्या निवेदकांत ऐंशीच्या घरातील एक आजी होत्या. तीन दिवस त्यांनी मला गोष्टी, म्हणी, भातशेतीचे शब्द सांगितले. अखेरच्या दिवशी अंगणात मी त्यांचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर त्यांना दाखविला. त्यांनी तो पाहिला, पदर सारखा केला आणि विचारले, "माझो फोटो माका कधी गावतलो?" मी म्हणालो, "पुण्यास गेलो की पाठवून देतो, आजी." वहीत मी 'गावतलो' या भविष्यकाळी रूपाची नोंद केली. वाक्याची केली नाही.

प्रबंधाच्या गडबडीत फोटो पाठविणे राहून गेले. २०११ साली पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा आजी निवर्तल्यास वर्ष होऊन गेले होते. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि सहज सांगितले की, तेराव्याला हार घालण्यास घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तो माझ्या संगणकात होता, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात 'निवेदक क्र. ७' या मथळ्याखाली छापलेलाही होता. पुण्यास परतल्यावर मी तो मोठा करून, चौकटीत बसवून पाठविला. घरच्यांनी आनंद मानला. परंतु आजींच्या वाक्यातील 'माका' या चतुर्थीस आता अर्थ उरला नव्हता.

मी त्यांना फोटो दिला नव्हता. शब्द दिला होता. ज्यांची भाषा आपण अभ्यासतो त्यांच्याकडून आपण पुष्कळ नेतो, आणि मागे बहुधा एवढेच ठेवून येतो. आजींना मी त्यांचे चित्र 'दाखविले' होते, हे खरे आहे. तसे ते मी परीक्षकांनाही दाखविले.

(८)

त्यानंतरच्या पाहणीत मी एक लहान तत्क्षण-कॅमेरा बरोबर नेऊ लागलो. त्यातून ध्यानी आलेल्या काही गोष्टी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे देतो.

एक, चित्र मुलाखत संपल्यावर द्यावे. आधी दिल्यास तो मोबदला ठरतो आणि निवेदक आपणास हवे ते सांगू लागतो. दोन, कोकणातील उन्हाळ्यात फिल्म जपावी लागते. पोलरॉइडची फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात नीट काम देते. त्याहून उष्ण हवेत चित्रावर पिवळट-तांबूस झाक येते, आणि थंडीतही रंग बिघडतात. इन्स्टॅक्सची फिल्म याबाबतीत अधिक सोशिक आहे. तरी पाकीट उन्हात अथवा बंद मोटारीत ठेवू नये. तीन, खालच्या पांढऱ्या पट्टीवर काय लिहावयाचे ते निवेदकास विचारावे आणि तो सांगेल तसेच, त्याच्या बोलीत लिहावे. 'आज', 'हयसर', 'ह्यो' असल्या शब्दांचा अर्थ प्रसंग समोर असतानाच पूर्ण असतो, आणि तो प्रसंग त्या वेळी समोर असतो.

चौथी गोष्ट माझ्या अपेक्षेबाहेरची होती. विल्यम लेबॉव्ह यांनी दाखवून दिलेला निरीक्षकाचा विरोधाभास आपणा सर्वांस परिचित आहे : कोणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे आपणास हवे असते, आणि ते मिळविण्यास आपणास ऐकावे लागते. तत्क्षणचित्र उमटत असतानाच्या एकदोन मिनिटांत हा पेच बराच सैल होतो. घरातील सारी माणसे पत्रकावर वाकतात आणि परवानगी घेऊन चालू ठेवलेल्या ध्वनिमुद्रकाचा त्यांना विसर पडतो. अशाच एका प्रसंगी एक मुलगा ओरडला, "डोळे इले! आता नाक येतला!" त्यावर त्याची आजी म्हणाली की, डोळे इले तर डाक्टराकडे जा, आणि सारे घर हसू लागले. तीन दिवसांच्या प्रश्नावलीने मला इतकी मोकळी मालवणी दिली नव्हती.

यावरून तत्क्षणचित्र हे संशोधनाचे साधन म्हणून वापरावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोकळी बोली मिळावी म्हणून चित्र काढणे हा पुन्हा नेण्याचाच एक प्रकार होईल. आपल्याकडे एक वस्तू कमी व्हावी आणि दुसऱ्याच्या घरी ती राहावी, एवढाच या कृतीचा हेतू असावा; बोलीचा लाभ झाल्यास तो आनुषंगिक समजावा.

लँड यांच्या मुलीचा प्रश्न आणि सिंधुदुर्गातील आजींचा प्रश्न यांत पासष्ट वर्षांचे अंतर आहे. पहिलीस चित्र पाहावयाचे होते, दुसरीस ते हवे होते. या विभागातून यापुढे जे विद्यार्थी क्षेत्रीय पाहणीस निघतील, त्यांनी ध्वनिमुद्रकाच्या पिशवीत असा एक कॅमेरा आणि दहा पत्रकांचे एक पाकीट अवश्य ठेवावे, आणि परतताना ते पाकीट रिकामे असावे.